छापण्याआधी पारखा: मजकूर बदनामीकारक ठरेल का, याचा अंदाज कसा घ्यायचा

एखादे वाक्य बदनामीकारक आहे की नाही, हे शेवटी न्यायालय ठरवते. पण त्या निकालाला कित्येकदा वर्षे लागतात, आणि साप्ताहिकाचे पान तर आज रात्री छपाईला जायचे असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ, सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज, ग्रामसभेनंतरची फेसबुक पोस्ट यांचेही तसेच. न्यायाधीश नंतर जे प्रश्न विचारतील ते आपण आज स्वतःला विचारायचे, एवढेच आपल्या हातात असते. यातले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न शब्दांविषयी नसतात, तुमच्या फायलीविषयी असतात. हे लिहिले तेव्हा तुमच्याकडे कोणता कागद होता? तो तुम्ही स्वतः पाहिला होता का? ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारले होते का? खरे लिहूनही माणूस अडकतो तो इथेच. पुरावा मागाहून शोधायला निघालो तर तो मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी लिहिताना काळजी घेतली होती हे त्यातून सिद्ध होत नाही.

आधी दोन वाटा वेगळ्या करा

पहिली वाट फौजदारी. १ जुलै २०२४ पासूनच्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू होते, त्याआधीच्या मजकुराला भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेच्या शिक्षेचा पर्यायही आला आहे. गुन्हा अदखलपात्र (दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्यानेच दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करायची असते. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचे कलम वैध ठरवले, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केले की नुसत्या बदनामीसाठी पोलीस एफआयआर नोंदवू शकत नाहीत. त्यामुळे ‘तुमच्यावर बदनामीचा गुन्हा दाखल करतो’ असा पोलीस ठाण्यातून फोन आला, तर कोणत्या कलमाखाली, हे शांतपणे विचारून लिहून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सांगितले गेले, तर ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. इथे नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागितला जातो. दिवाणी बदनामीचा स्वतंत्र कायदा नाही, तो न्यायालयांच्या निकालांतून घडला आहे. दाव्याची मुदत साधारणपणे मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, तर फौजदारी तक्रारीची तीन वर्षे.

या दोन वाटांची मापे वेगळी आहेत. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असल्याचे सिद्ध झाले की दावा संपतो. फौजदारी खटल्यात तेवढ्याने भागत नाही. मजकूर खरा हवा आणि तो सांगणे लोकहिताचे हवे. ‘खरे आहे ना, मग घाबरायचे कशाला’ हे वाक्य म्हणून अर्धेच बरोबर आहे. शेजारणीच्या वीस वर्षांपूर्वीच्या घटस्फोटाचे कागद खरे असतील, पण ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यात कोणते लोकहित आहे? हेतूच्या बाबतीत गणित उलटे होते. फौजदारीत नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव पाहिली जाते, दिवाणीत ‘चुकून झाले’ या उत्तराला फारशी किंमत नाही.

वाक्य सुटे करा

मजकूर कागदावर छापून घ्या. पडद्यावर वाचताना डोळा घसरतो. ज्या वाक्यात कुणाच्या वागण्याबद्दल, पैशाबद्दल, चारित्र्याबद्दल किंवा धंद्याच्या कुवतीबद्दल वाईट काही आहे, त्याखाली रेघ मारा. प्रत्येक रेघेसमोर चार गोष्टी लिहा: कोणाबद्दल, सामान्य वाचक काय समजेल, हे विधान वस्तुस्थितीचे आहे की मताचे, आणि कागद कोणता. चौथा रकाना रिकामा राहिला, तर त्या वाक्याचे काय करायचे ते आजच ठरवायचे.

नेहमी दिसणारे वाक्य घेऊ: ‘सरपंचांनी नळपाणी योजनेत पैसे खाल्ले.’ यात तीन आरोप एकमेकांत गुंतले आहेत. काम अपुरे झाले, बिल पूर्ण निघाले, आणि फरकाची रक्कम सरपंचांच्या खिशात गेली. पहिल्या दोन गोष्टींना कागद मिळू शकतो: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलाचे प्रमाणक, जागेवर तारखेसह काढलेले फोटो. माहितीच्या अधिकारात अर्ज केला की सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या गोष्टीला तुमच्याकडे बहुधा काहीच नसते, आणि खटला नेमका तिच्यावर उभा राहतो. म्हणून वाक्य असे करा: ‘अंदाजपत्रकात १,२०० मीटर पाइपलाइन आहे. मोजमाप पुस्तिकेत १,२०० मीटर काम पूर्ण दाखवून बिल निघाले आहे. ४ मार्चला जागेवर मोजले असता ७३० मीटर पाइप आढळला. उरलेल्या कामाविषयी सरपंचांना लेखी विचारले, सात दिवसांत उत्तर आले नाही.’ वाचक निष्कर्ष स्वतः काढतो आणि तुमच्या प्रत्येक वाक्यामागे कागद असतो. आता हे वाक्य ‘पैसे खाल्ले’पेक्षा जास्त बोचतेही.

वाचक काय समजेल?

लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे इथे गौण आहे. समंजस सामान्य वाचकाने काय घेतले असते, ते महत्त्वाचे. कायद्यातच याचे एक सुंदर उदाहरण आहे. ‘झेड प्रामाणिक आहे, त्याने बी या माणसाचे घड्याळ कधीच चोरले नाही’ असे कुणी म्हणाले, आणि ऐकणाऱ्याने उलट समजावे हा त्याचा हेतू असला, तर तीही बदनामी. घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचे चित्र काढले तरीही. उपरोध, कोट्या, मीम, व्यंगचित्र, अवतरणचिन्हातला शब्द, कशाचीही सूट नाही.

प्रश्नचिन्ह वाचवत नाही. ‘अध्यक्षांनी ठेवी लाटल्या?’ या मथळ्यातून वाचक ‘लाटल्या’ हेच घेतो. ‘कथित’ आणि ‘म्हणे’ हेही कवच नव्हे. दुसऱ्याने केलेला आरोप पुन्हा सांगणारा तो आरोप स्वतःच पुन्हा करत असतो, हे तत्त्व जुने आहे आणि सोशल मीडियालाही लागू होते. बदनामीकारक पोस्ट रिट्वीट करणे हीही बदनामी ठरू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले आहे.

मजकुराइतकेच लक्ष मथळा, फोटोओळ आणि व्हिडिओच्या थंबनेलकडे द्या. बातमी वार्ताहर जपून लिहितो, मथळा मात्र उपसंपादक घाईत देतो, आणि थंबनेलवर लाल बाण, हातकडीचे चित्र नि ‘पर्दाफाश’ येतो. मजकूर एकत्र वाचला जातो हे खरे. तरी मथळ्यातला ठाम आरोप नवव्या परिच्छेदातल्या खुलाशाने धुऊन निघेल, यावर विसंबू नका.

मराठीतल्या काही शब्दांपाशी मुद्दाम थांबावे. ‘बोगस’ म्हणजे बनावट, हा वस्तुस्थितीचा आरोप आहे. ‘टक्केवारी’, ‘सेटिंग’, ‘मलिदा’, ‘ढपला’ यांतून लाचेचा किंवा अपहाराचाच अर्थ निघतो, बोलीत ते हलके वाटले तरी. ‘चारशेवीस’ म्हणजे फसवणुकीचा सरळ आरोप. डॉक्टरला ‘बोगस’ म्हणायचे असेल, तर त्याचे नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाही एवढ्यावर थांबू नका. आयुर्वेदाच्या पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथीची वेगळ्या परिषदेकडे. तिन्हीकडे पाहिल्याशिवाय तो शब्द वापरला आणि नोंदणी निघाली, तर ‘योग्य काळजी घेतली’ हा बचाव तिथेच कोसळतो.

पतसंस्थेच्या बातम्यांत आणखी एक चूक वारंवार होते: जामीनदाराला कर्जदार म्हटले जाते. जप्तीच्या किंवा मागणीच्या नोटिशीत कर्जदार आणि जामीनदार दोघांची नावे असतात. नोटिशीत ज्या नावापुढे जे लिहिले आहे तेच उतरवा.

माणूस ओळखू येतो का?

नाव गाळले म्हणजे सुटलो, हा मोठा गैरसमज आहे. ‘तालुक्यातील एकमेव मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका’ म्हटले की गावाला नाव कळते. ओळखणारे मोजकेच असले तरी पुरते. आद्याक्षरे, चेहऱ्यावरची अर्धवट पट्टी, गाडीचा नंबर, घराची पाटी, सगळे ओळखीकडे नेते.

उलट, समूह मोठा आणि अनिश्चित असेल तर त्यातल्या एकाला सहसा तक्रार करता येत नाही. ‘राजकारणी भ्रष्ट असतात’ याने कुणा एकाची बदनामी होत नाही. १९७२ च्या जी. नरसिंहन निकालात सर्वोच्च न्यायालयाने समूह निश्चित आणि ओळखता येण्याजोगा हवा, असे सांगितले. पण समूह लहान होत गेला की धोका वाढतो. ‘या कार्यालयातले तिन्ही लिपिक पैसे घेतात’ म्हटले की तिघेही स्वतंत्रपणे तक्रार करू शकतात. कंपनी, संस्था, मंडळ यांचीही बदनामी होऊ शकते. सरकार किंवा नगरपालिकेसारखी संस्था मात्र बदनामीसाठी भरपाईचा दावा करू शकत नाही, हे १९९४ च्या आर. राजगोपाल निकालात आले आहे. त्याच निकालानुसार सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कामाशी संबंधित मजकूर असेल, तर तो खोटा होता आणि सत्याची पर्वा न करता छापला, हे त्याला दाखवावे लागते. तुम्ही वाजवी पडताळणी केली होती एवढे सिद्ध झाले तरी बचाव टिकतो. अधिकाऱ्याच्या खासगी आयुष्याला ही सवलत नाही.

मृत व्यक्तीविषयी लिहितानाही सावध राहावे. ती जिवंत असती तर बदनामी झाली असती आणि कुटुंबीयांना दुखवण्याचा हेतू होता, असे असेल तर फौजदारी कलम लागू होते.

भलताच माणूस ओळखला जाणे, हा यातला सर्वांत महागडा अपघात. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींऐवजी, आडनावाच्या साधर्म्यामुळे, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र जेमतेम १५ सेकंद दाखवले. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा हुकूम दिला. अपील ऐकताना हुकूम थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरायला सांगितली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रक्कम अवाजवी आहे अशी टीका झाली, ती पटण्यासारखी आहे. पण छायाचित्र चुकीचे होते याला उत्तर नव्हते. गावाकडच्या बातमीत हीच चूक नावाची होते. एकाच तालुक्यात एकाच नावाचे चार जण असतात. म्हणून आरोपीचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय आणि गाव एफआयआरवरून जसेच्या तसे घ्या, आणि छायाचित्र ओळखीच्या दोन स्वतंत्र माणसांना दाखवल्याशिवाय लावू नका.

तिसऱ्या माणसापर्यंत पोचले का?

फक्त त्या व्यक्तीलाच बंद पाकिटात पाठवलेले पत्र ही प्रसिद्धी नव्हे. तेच पत्र चार जणांना प्रत लावून पाठवले, किंवा ईमेलला ‘सर्वांना उत्तर’ दाबले, की प्रसिद्धी झाली. १९५८ सालच्या पाटणा उच्च न्यायालयाच्या एका निकालात उर्दूतली नोटीस उर्दू न येणाऱ्याला गेली आणि त्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. समोरच्याला ती भाषा येत नाही हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो जबाबदार नाही, असे ठरले. ठाऊक असते तर गोष्ट वेगळी होती. व्हॉट्सॲप ग्रुप कितीही ‘घरचा’ असला तरी तो तिसरा माणूसच आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. ते प्रकरण वेगळ्या कलमांचे होते, पण तत्त्व तेच.

मत की वस्तुस्थिती?

मताला कायदा बरीच मोकळीक देतो, फक्त ते मत म्हणून ओळखू यायला हवे आणि कशावरून बनले ते वाचकासमोर हवे. ‘माझ्या मते तो चोर आहे’ याच्या आधी ‘माझ्या मते’ लावून काही होत नाही. पुन्हा कायद्यातलेच उदाहरण घ्या. ‘या लेखकाचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, तो दुबळ्या मनाचा असला पाहिजे’ हे चालते, कारण मत पुस्तकावरून निघते. ‘पुस्तक मूर्खपणाचे आणि अश्लील असणारच, तो मुळात दुबळा आणि बाहेरख्याली आहे’ हे चालत नाही, कारण ते पुस्तकाबाहेरच्या आयुष्याबद्दल विधान करते.

ग्राहक म्हणून परीक्षण लिहिताना हाच नियम धरा. ‘रुग्णालयाने लुटले’ असे लिहिण्याऐवजी: ‘खर्चाचा अंदाज ४०,००० रुपये सांगितला, बिल ९२,५०० आले, बाबनिहाय बिल तीनदा लेखी मागूनही मिळाले नाही. माझ्या दृष्टीने हा व्यवहार उघड नव्हता.’ शेवटचे वाक्य मत, आधीची तीन वस्तुस्थिती, आणि तिन्हींचे कागद तुमच्याकडे. सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीतही ‘फुकटे’ लिहू नका. फ्लॅट क्रमांक, ३१ मार्चअखेरची रक्कम आणि रकमेवर वाद असेल तर ‘वाद प्रलंबित’ हा शेरा, इतके पुरे. यादी सभासदांच्या नोटीस बोर्डावर लावा. रस्त्यावरून दिसेल अशी फाटकावर नको, कारण थकबाकी जाणून घेण्याचा हितसंबंध सभासदांचा आहे, रस्त्याने जाणाऱ्याचा नाही.

काळजी म्हणजे नेमके काय

कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा कणा ‘सद्भावपूर्वक’ हा शब्द आहे, आणि संहितेनुसार योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावपूर्वक केली असे मानत नाहीत. म्हणजे मन स्वच्छ असणे पुरत नाही, पडताळणी दिसावी लागते. चांगली बातमी अशी की अपवाद सिद्ध करताना आरोपीला फिर्यादी पक्षासारखे संशयातीत सिद्ध करावे लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवले तरी पुरते. हरभजनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालापासून हे ठरलेले आहे.

फायलीत काय असावे? मूळ कागदाची प्रत आणि ती कुठून, कोणत्या तारखेला मिळाली याची नोंद. ज्यांच्याशी बोललात त्यांच्या टिपणांवर तारीख आणि वेळ. आणि समोरच्याला पाठवलेले प्रश्न. ‘प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य छापायचे, तर संपर्क खरोखर केलेला हवा: दोन वेगवेगळ्या वेळी फोन, एक लेखी मेसेज, त्यात नेमका आरोप आणि उत्तराची मुदत. रात्री साडेदहाला एक मिस्ड कॉल देऊन अकराला पान सोडले, तर उलटतपासणीत तेच वाक्य तुमच्या अंगावर येते. बातमी तातडीची नसेल तर दोन-तीन दिवस द्या. उत्तर आले तर ते कापून तळाशी ढकलू नका, आरोपाच्या शेजारी ठेवा.

तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे केली असेल तर आठवा अपवाद तुमच्या बाजूने असतो. कार्यालयात सहकारी दारू पिऊन येतो आणि शिवीगाळ करतो, अशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये याच आधारावर रद्द केला. तोच अर्ज फोटो काढून फेसबुकवर टाकला, की हा अपवाद संपतो आणि दुसरा शोधावा लागतो. अर्ज अधिकाऱ्याकडे, पोच आपल्याकडे, ग्रुपवर काही नाही, हा क्रम पाळावा.

स्त्रियांनी छळाविषयी बोलण्याच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२१ चा दिल्लीच्या न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी, अकबर यांनी दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात निर्दोष सुटल्या. स्त्रीच्या जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचा बळी देऊन कुणाचा लौकिक जपता येणार नाही, आणि स्त्रीला कित्येक वर्षांनीही आपले गाऱ्हाणे मांडता येते, असे न्यायालयाने म्हटले.

दुसऱ्याच्या आरोपाची बातमी

न्यायालयाच्या कामकाजाचे मुख्य आशयाला धरून खरे असलेले वृत्त सुरक्षित असते. संसद आणि विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्ताला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१अ चे संरक्षण आहे, द्वेषबुद्धी नसेल तोवर. हे संरक्षण जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा ग्रामसभेला नाही. सभेत नगरसेवक काहीही बोलले म्हणून ते जसेच्या तसे छापता येते असे समजू नका. आमदारांनी सभागृहात केलेला आरोप आणि तोच आरोप बाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर केला, यांतही हाच फरक. सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकलेला भाग तर छापूच नये.

पोलीस प्रकरणांत शब्द टप्प्याप्रमाणे बदलतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अर्ज दिला असेल तर ‘तक्रार अर्ज दिला’, गुन्हा नाही. एनसी झाली तर ‘अदखलपात्र नोंद’. एफआयआर झाली तर ‘गुन्हा दाखल, फिर्यादीत म्हटले आहे की’, सोबत पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक. चौकशीला बोलावले म्हणजे अटक नव्हे. आरोपपत्र हे पोलिसांचे म्हणणे आहे. न्यायालयाने आरोप निश्चित केले तरी तो अजून खटल्याचा आरंभ आहे. ‘गुन्हेगार’ हा शब्द दोषसिद्धीनंतरच. ‘फरार’ऐवजी ‘पोलिसांना अद्याप सापडलेले नाहीत’. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या प्रत्येक प्रकरणात ‘रंगेहाथ पकडले’ लिहायची सवय मोडा; काही गुन्हे फक्त लाचेच्या मागणीचे असतात, पैसे हातात घेतलेलेच नसतात. आणि ज्याच्या अटकेची बातमी पहिल्या पानावर दिली, तो निर्दोष सुटला तर तीही द्या, वेबसाइटवरच्या जुन्या बातमीच्या वर ती तारखेसह जोडा.

निकाल येईपर्यंत ‘बदनामीकारक’ हा शब्दही कुणासाठी तयार निर्णय म्हणून वापरू नये. ‘बदनामीकारक पोस्ट टाकली’ असे लिहिणारा न्यायालयाआधीच निकाल देतो, आणि पोस्ट टाकणाऱ्याविषयी नवा आरोप करतो. ‘पोस्टमुळे बदनामी झाल्याची तक्रार’ हे बरोबर.

नोटीस आली तर

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. त्यातली भरपाईची रक्कम मागणाऱ्याने ठरवलेली असते. पण ती फेकूनही देऊ नये. पाकीट आणि तारीख जपा. मजकूर घाईने काढून टाकण्याआधी त्याची पूर्ण प्रत, पत्ता आणि वेळेसह ठेवा. नसता आपण नेमके काय लिहिले होते हे सांगायला समोरच्याचाच कागद उरतो. मग वरचा तक्ता पुन्हा काढा. नोटीस कोणत्या वाक्यांवर आहे, आणि त्या वाक्यांचा चौथा रकाना भरलेला आहे का?

भरलेला असेल तर वकिलामार्फत तसे मुद्देसूद उत्तर द्या. सुनावणीआधी सरसकट मजकूर थांबवायला न्यायालयाने सहज तयार होऊ नये, अशीच रीत आहे. लंडनच्या १८९१ सालच्या बोनार्ड निकालापासून ती चालत आली. २२ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या झी एंटरटेनमेंट कंपनीवरील लेखाविरुद्धचा खालच्या न्यायालयाचा अंतरिम मनाई हुकूम रद्द करताना हेच सांगितले: पूर्ण सुनावणीआधी लेखन थांबवणे हे अपवादानेच व्हावे. फेसबुक किंवा यूट्यूबसारख्या कंपन्यांनाही केवळ एखाद्याच्या नोटिशीवरून तुमचा मजकूर काढणे कायद्याने बंधनकारक नाही. कलम ६६अ रद्द करणाऱ्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानुसार त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो.

रकाना रिकामा असेल, तर दुरुस्ती लवकर, स्पष्ट आणि त्याच जागी करा. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर छोट्या जाहिरातींत दडवली, तर ती द्वेषाचाच पुरावा म्हणून दाखवली जाऊ शकते. जुना आरोप रंगवून पुन्हा सांगू नका, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हेही नको. असे लिहा: ‘१२ जूनच्या अंकात पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या बातमीत एका व्यक्तीचा उल्लेख कर्जदार असा झाला. ते चुकीचे आहे. ते जामीनदार आहेत आणि त्यांच्या नावावर कर्ज नाही. या चुकीबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो.’ बदनामीचे प्रकरण समेटाने मिटवता येते, आणि बरीचशी इथेच मिटतात.

तुमच्याविषयीच लिहिले गेले असेल, तर पहिल्याच दिवशी पोस्टचा पूर्ण पत्ता, खात्याचे नाव, तारीख आणि प्रतिक्रियांसह स्क्रीनशॉट घ्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून संगणकाने काढलेला, ती बदलली तर बदलणारा संकेतांक) नमूद करावे लागते. म्हणून मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. कुणाचे मत तुमच्याविषयी खरोखर बदलले, कोणते काम हातचे गेले, त्यांची नावे आणि कागद लगेच लिहून ठेवा.

लिहिणाऱ्याने आपली फाइल प्रसिद्धीनंतर किमान तीन वर्षे जपायची, कारण फौजदारी तक्रारीची मुदत तितकी आहे. वेबसाइटवरचा मजकूर रोज वाचला जातो म्हणून एक वर्षाची दिवाणी मुदत रोज नव्याने सुरू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खवर बट प्रकरणात ठरवले. पण तोच जुना मजकूर बदल करून नव्या तारखेने टाकला, किंवा निवडणुकीच्या तोंडावर ‘आठवण’ म्हणून पुन्हा शेअर केला, तर ती नवी प्रसिद्धी मानली जाऊ शकते. तेव्हा शेअरचे बटण दाबण्याआधी जुनी फाइल काढून चौथा रकाना आजच्या तारखेने पुन्हा तपासा: दरम्यान कुणी निर्दोष सुटले का, अपिलात निकाल फिरला का, थकबाकी भरली गेली का.